विहिरीकडच्या चार पोफळी

९ डिसेंबर, चौल
दादा आज विहिरीकडच्या पोफळींवर चढला. मे महिन्यातल्या कोरोनानंतर पहिल्यांदा. पूर्वी एकीच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसरी धरायचा. आज दर वेळी खाली उतरला, मग पुढची. चार पोफळी, सुपारीचे नऊ घड. अंगणात पसरले. जेवताना म्हणाला, "बाय, दम पुरला की!"
बरं वाटलं. दोघांनाही.

१३ डिसें.
कॉलेजात शिकवून आले तर कुंपणाशी आरडाओरडा. दादा त्याच चार पोफळींवर पुन्हा चढला होता. वर काहीच नाही. "नरेश, तूच कापलेस घड!"
नरेश शेजारचा. दोघे लहानपणी एकत्रच चढायला शिकले. तो हसत होता. "अरे, गुडघे बघ माझे. ओटा चढवत न्हाय, पोफळ कुठली चढतो?"
दादा हसला नाही. घड आमच्याच अंगणात वाळत होते.

१४ डिसें.
नरेशला सांगितलं, दादानेच काढलेत.
"माहीत हाय. मी बघत होतो त्या दिवशी. त्याला सांगू नको, ताई. मला चोर म्हनू दे. नायतर स्वतःला काय म्हनंल तो?"
तसं ठरलं. म्हणजे मी काही केलं नाही.

२० डिसें.
अलिबाग. दादाच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये पांढरे ठिपके. डॉक्टरबाई म्हणाल्या, विषाणू श्वासातून येतो, पण फुप्फुसांपाशी थांबतोच असं नाही. मेंदूतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या आतून सुजतात. काही बुजतात, काही पाझरतात. पलीकडे रक्त पुरेसं पोचत नाही.
"माझ्या भावाला हे कोरोनामुळेच?"
"बहुधा. जुना रक्तदाबही आहे. वेगळं काढता येत नाही."
"भरून येईल?"
"काहींचं येतं."
चढणं बंद. दादा बाहेर बाकावर बसला होता. काय म्हणाल्या, विचारलं नाही.

२३ डिसें.
मासळी घेताना, बाजारात सगळ्यांसमोर, दादा नरेशला चोर म्हणाला. नरेशची नवी सून बरोबर होती. तिला काही माहीत नाही. तिने सासऱ्याकडे पाहिलं. नरेशची मान खाली.

२४ डिसें.
सांगितलं. दादाला अंगणात नेलं. "हे तूच काढलेस. नऊ तारखेला."
एक घड उचलून देठाचा काप पाहत राहिला.
"माझाच हात."
मग, "आणखी काय काय केलं मी?"
सांगितलं. सगळं नाही.
संध्याकाळी एकटाच नरेशकडे गेला. सुनेसमोर हात जोडले म्हणे. नरेश ओरडला त्याच्यावर, "हात खाली घे, मेल्या!" मग दोघांनी चहा घेतला. परत आला तेव्हा डोळे लाल होते.

२५ डिसें.
दिवसभर झोपून. जेवला नाही. "मी असा कधीपासून," एवढंच.

२७ डिसें.
सकाळी उठला तो खुशीत. दोनदा चहा मागितला. कुंपणाकडे बघत म्हणाला, "बाय, हे उंच करून घेऊ या. नरेश आपले घड नेतो."
नरेश पलीकडे दात घासत उभा. त्याने ऐकलं. माझ्याकडे बघून मान हलवली. नको.
"किती उंच करायचं?" दादाने विचारलं.
उद्या सांगते, म्हटलं.