खोळ्यावरचा उतारा

॥ श्री ॥
रहिमतपूर, ता. १२ जून २०२४

चि. वीरधवल भाऊजी यांस,
शैलजावहिनीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. फोन केला असता, पण घर दोन खोल्यांचं आणि जे बोलायचंय ते तुमच्या दादांच्या कानावर जायला नको.

ते पुण्याच्या लष्करी दवाखान्यातून घरी आलेत. बंकरातल्या शेगडीच्या भडक्यानं चेहऱ्याचं काय केलं ते तुम्ही पाहिलंच आहे. डाव्या डोळ्याची पापणी मिटत नाही. गळ्याला भोक आहे, त्यावर बोट ठेवल्याशिवाय शब्द फुटत नाही, आणि फुटतो तो शिट्टीसारखा. दवाखान्यात तुम्ही त्यांच्या उशाशी बसून राहायचात. मी म्हणायचे, बघा, भावाची माया! मग मुलांसाठी लिहिलेलं तुमचं नवं पुस्तक ‘खोळ्या आला’ हातात पडलं. परग्रहावरून आलेला तुमचा तो खोळ्या, माणसाचा देह उशीच्या खोळीसारखा अंगावर चढवणारा. तो उघड्या डोळ्यानं झोपतो आणि गळ्यावर बोट ठेवून बोलतो. अहो, दुसरं कुणी मिळालं नाही का तुम्हाला?

आमची संयोगिता दहा वर्षांची. तुमची पुस्तकं म्हणजे तिला वेदवाक्य. ती बापाच्या पंगतीला बसत नाही, त्यांनी हाक मारली की माझ्या मागं लपते. शाळेतली कार्टी दारावरून ‘खोळ्या, खोळ्या’ ओरडत जातात. हे ऐकतात आणि अंगणातून उठून आत येतात. मी पोरीला समजावलं तर म्हणते, पुस्तकात आईला सगळ्यात शेवटी कळतं.

तिला एकच ओळ लिहा, की खोळ्या मी मनानं रचला आणि तुझा बाप तुझाच आहे. तुमचं तेवढं ती ऐकेल. लोभ आहेच, तो टिकवणं तुमच्या हाती.

तुमची वहिनी,
शैलजा


सांगली, ता. २० जून २०२४

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुमचा राग म्हणजे फोडणीतली मोहरी, तडतडते आणि गप्प होते, म्हणून मनाला लावून घेतलं नाही.

वहिनी, लेखक डोळे उघडे ठेवून जगतो. दादाचा चेहरा पाहिला नसता तर खोळ्या सुचलाच नसता, आणि सुचला म्हणून आज कराड-इस्लामपूरची पोरं पांघरुणात शिरून वाचतायत. खरं म्हणजे दादाला अभिमान वाटायला हवा. त्याला पुस्तक मात्र देऊ नका, उगाच.

त्या ओळीचं म्हणाल तर तेवढं मागू नका. दुसरा भाग छापायला गेलाय. खोळ्या खोटा आहे हे मीच लिहून दिलं आणि पोरीनं ते शाळेत दाखवलं, तर माझी मालिका बसलीच की! लहान मुलांचं भय आपोआप जातं. तिला काय वाटतं ते तिनंच मला सविस्तर लिहावं, माझ्याही उपयोगी पडेल. दादाला नमस्कार. लोभात उणं नसावं.

तुमचा,
वीरधवल


रहिमतपूर, ता. ३० जून २०२४

ती. काकांस,
संयोगिताचा सा. न.

आई म्हणाली, काकांना लिही, ते खरं काय ते सांगतील. काका, आमच्या घरी खोळ्या आलाय. तो पप्पांचे कपडे घालतो. त्याने माझ्या सगळ्या वह्यांना कव्हरं घातली आणि सायकलची चेन बसवली. मी थँक्यू म्हटलं नाही.

तुम्ही लिहिलंय की खोळ्याला देह मिळतो, पण दोघांमधलं गुपित मिळत नाही. म्हणून मी परीक्षा घेतली. सुट्टी संपवून पलटणीत जाताना खरे पप्पा माझ्या उशीखाली राजगिऱ्याची वडी ठेवून जायचे. मी झोपेचं सोंग घ्यायची. हे आईलापण माहीत नाही. हा आल्यापासून मी रोज उशी उचलून बघते. वडी नसते. म्हणजे तो खोळ्याच ना?

त्याला घालवायचं कसं? आणि खरे पप्पा कुठे आहेत? लवकर सांगा. आईला भीती वाटत नाही, मला लय वाटते.

आपली आज्ञाधारक,
संयोगिता


सांगली, ता. २२ जुलै २०२४

चि. संयोगितास,
अनेक आशीर्वाद.

शाब्बास, कॅप्टन! वडीची परीक्षा एक नंबर. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? दुसऱ्या भागाची पहिली प्रत तुला पाठवतोय. मागच्या कव्हरवर बघ, तुझं पत्र छापलंय, नावागावासकट. गुपित तेवढं झाकलंय हं!

उतारा शेवटच्या प्रकरणात आहे. रक्ताच्या माणसानं खोळ्याच्या डोळ्यांत डोळे घालून, अजिबात न रडता म्हणायचं, ‘तू आमचा नाहीस.’ मग खोळ्याला जावंच लागतं आणि खरा माणूस परत येतो. आईला इतक्यात दाखवू नको, मोठ्यांना विज्ञान कळत नाही. मैत्रिणींना मात्र जरूर दाखव.

तुझा,
काका


ता. ६ ऑगस्ट २०२४

चि. वीरूस,
जोतीरामाचा आशीर्वाद.

मी हाय तितं बरा हाय. एका गोदामावर राखणीला लागलोय. पत्ता देत न्हाई. तुज्या वहिनीला कळला तर ती येऊन मला घिऊन जाईल, आन् पोरगी परत भ्याची.

तुजं पुस्तक वाचलं. तिच्या दप्तरात हुतं. माजं बोट, माजा डोळा, समदं बराबर टिपलंयस. लहानपनी तू मला बघून चित्रं काडायचास, तवाबी हुबेहूब काडायचास.

पोरीनं मला तोंडावर सांगितलं, तू आमचा न्हाईस. पर वीरू, काय धीराची हाय गड्या! बाजारात मोठी मानसं मान फिरवत्यात, हिनं माज्या डोळ्यात बघितलं. डोळ्यातनं टिपूस न्हाई. जवानाची पोरगी शोभती.

एक काम कर. फुडच्या पुस्तकात एवढंच घाल, की खरा बाप परत येतो तवा त्योबी असाच जळल्याला असतो. तिला तुजंच खरं वाटतं. तेवढं छापून आलं की मी घरला जातो. तुज्याकडं आजवर काय मागितलं न्हाई. तब्येतीला जप.

तुजा दादा,
जोतीराम


सांगली, ता. १४ ऑगस्ट २०२४

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

दादा निघून गेल्याचं वाचून वाईट वाटलं. त्याचं पत्र आलंय, खुशाल आहे. पाकिटावरचा शिक्का पुसट आहे, गाव लागत नाही.

पुढच्या भागात त्यानं एक बदल सुचवलाय. आता कसं जमणार? कव्हर तयार झालंय. खरा बाप दारात उभा, देखणा, गणवेशात. चित्रकाराला मी दादाचा लग्नाआधीचा फोटोच दिला होता. तुम्हाला आवडेल. दुसरा भाग जोरात चाललाय, संयोगिताच्या पत्राची फार चर्चा आहे. तिला पापा. राग नसावा.

तुमचा,
वीरधवल


रहिमतपूर, ता. २५ ऑगस्ट २०२४

ती. काकांस,
संयोगिताचा सा. न.

उतारा लागू झाला! गेल्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारी तो अंगणात माझे शाळेचे बूट पुसत होता. मी समोर उभी राहिले आणि डोळ्यांत बघून म्हणाले. रडले नाही. त्याने बोलायला गळ्यावर बोट ठेवलं आणि परत काढून घेतलं. मग बूट उन्हात ठेवले. सकाळी मी उठले तर तो गेलेला. आईने मला लय मारलं आणि मग मला कुशीत घेऊन रडली. मी तिला म्हटलं, पुस्तकातली आईपण आधी रडते.

मी रोज दारात बसते. पप्पा अजून आले नाहीत. तो गेल्यापासून मी उशीखाली बघायचं सोडून दिलं होतं. काल आईने उशांच्या खोळी धुवायला काढल्या, तेव्हा माझ्या उशीखाली, गादीच्या फटीत सरकलेली, कागदात गुंडाळलेली राजगिऱ्याची वडी निघाली. तिला मुंग्या लागल्या होत्या.

काका, हे खोळ्याला कळत नाही असं तुम्हीच लिहिलंय. मी कुणाला घालवलं?

मी मुंग्या झटकून वडी डब्यात ठेवली आहे. खाल्ली नाही. आता कोणता उतारा करू, तो लवकर लिहा. तुम्ही सांगाल तसं करेन.

आपली आज्ञाधारक,
संयोगिता