दोन राज्यं आणि एक कुलूप

पप्पा, तुम्हाला जाऊन वर्षं झाली आणि आत्ता लिहायला बसलेय, ते काही माया दाटून आली म्हणून नाही. आज संडे स्कूलमध्ये एका मुलीने मला माझाच जुना प्रश्न विचारला. पौल रोमकरांना लिहितो की प्रत्येक अधिकार देवाने नेमलेला आहे; आणि लूकच्या शुभवर्तमानात सैतान प्रभूला जगातली सगळी राज्यं दाखवून म्हणतो, हे सगळं माझ्या हातात दिलेलं आहे. मग टीचर, सरकार कोणाचं? मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते. बघा, केवढी मी धीट!

मी विचारलं ते अठ्ठ्याण्णव साली, चर्चची पक्की सभासद होण्याआधीच्या दृढीकरणाच्या वर्गात, पाळकसाहेबांसमोर. तुम्ही जेलचे शिपाई आणि चर्चचे पंच. गप्प बसायचं ना, पण माझी जीभ! मी वर जोडलं, राजाने कोंडलेल्या पेत्राला देवदूताने तुरुंगातून बाहेर काढलं, तेव्हा देवाने स्वतःच नेमलेल्या सरकारचं दार फोडलं का? पोरं फिदीफिदी हसली. पाळकसाहेबही हसले आणि म्हणाले, "तुझ्या वडिलांना विचार, कुलपं त्यांच्याकडे असतात." ते तुमच्या कानावर गेलं आणि माझे बारा वाजले.

तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही कधीच ओरडायचा नाहीत, तेच वाईट होतं. संध्याकाळच्या ड्युटीचा गणवेश चढवून तुम्ही मला क्वार्टरच्या मागच्या खोलीत नेता. तांदूळ, नारळ, जुन्या ट्रंका, वर एक गज लावलेला झरोका. "वचनांत विरोध नाही, असं कबूल कर." मी म्हणते, "पण आहे ना, पप्पा." "मग बस आत. मोठ्याने वचनं म्हणत राहा. पेत्राला देवदूत भेटला, तुलाही भेटेल." गावाला जाताना पुढच्या दाराला लावायचो ते पितळी कुलूप तुम्ही बाहेरून लावता. आई म्हणते, "अहो, पोर आहे ती. किल्ली तरी ठेवून जा." आणि तुम्ही म्हणता, "या घरात अधिकार कोणाचा आहे ते तिला कळू दे." किल्ली खिशात घालून तुम्ही निघून गेलात.

आई दाराशीच बांगडे साफ करत बसली, मला एकटं वाटू नये म्हणून. इकडचं तिकडचं बोलत होती. मग तिचं बोलणं तुटायला लागलं. दम्याचं तिचं नेहमीचंच, मला आधी काही वाटलं नाही. मग म्हणाली, "पंप दे गं." आणि दोघींच्याही एकदमच लक्षात आलं की पंप आत आहे, माझ्या बाजूला, ट्रंकेवर. मी तो दाराखालून सरकवायला गेले. दाराखाली तिची बोटं दिसत होती, खवलं चिकटलेली. पंप जाईना. आडवा, उभा, तिरका, कसाच जाईना. मी दार बडवलं, गळा फाटेस्तोवर देवाचा धावा केला, सगळ्यांना हाका मारल्या. शेजारच्या काकू नंतर पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, तुमची प्रार्थना चाललीय. मागे एकदा मध्येच दार वाजवलं, तर तुझे पप्पा केवढे रागावले होते." त्यांचं काय चुकलं? आपल्या घरातली प्रार्थना तशीच ऐकू यायची.

आईच्या दफनाच्या वेळी तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, प्रभूने तिला आपल्या राज्यात नेलं. माना डोलत होत्या. मी विचारलं, "कोणत्या राज्यात, पप्पा? किल्ली तर तुमच्या खिशात होती." एका मावशीने माझ्या दंडाला चिमटा काढला. त्यानंतर त्या दोन वचनांचं नाव तुम्ही काढलं नाहीत आणि मीही पाळकसाहेबांना निमूटपणे सांगितलं, विरोध नाही. झालं माझं दृढीकरण!

पुढे तुम्ही अंथरुणाला खिळलात. मी जेवण दिलं, अंग पुसलं, काही कमी केलं नाही. वाचून दाखव म्हणालात की पेत्राच्या सुटकेचा अध्याय काढायचे. "दुसरं काहीतरी वाच गं," तुम्ही म्हणायचात. मी तोच वाचायचे. मला त्याचं वाईट वाटत नाही, अजूनही नाही. मेलेल्या माणसाशी कशाला खोटं बोलू?

हे पत्र कुठे पाठवणार? पाळकसाहेबांचं खरं असेल, वचनांत विरोध नसेल, तर राज्य शेवटी एकच, आणि तुम्ही आणि आई तिथे शेजारी बसला असाल. ते मला सहन होत नाही. दोन असावीत. येत्या रविवारी त्या मुलीला सांगणार आहे की विरोध आहे, आणि ती घरी जायच्या आधी तिच्या वडिलांशी मी स्वतः बोलेन.

आणखी एक सांगायचं राहिलं. आई गेल्यावर संध्याकाळच्या प्रार्थनेला आपण दोघंच असायचो. प्रभूच्या प्रार्थनेत 'तुझे राज्य येवो' आलं की तुमचा आवाज बंद व्हायचा आणि पुढच्या ओळीला परत सुरू व्हायचा. पहिल्याच संध्याकाळी माझ्या ते लक्षात आलं होतं, पप्पा, आणि म्हणून ती ओळ मी मुद्दाम मोठ्याने म्हणायचे. आता घरात मी एकटीच असते. ती ओळ आली की मीही गप्प होते.