चिऱ्याच्या पात्याची सुरी

३ नोव्हेंबर, सोमवार
रिटायर झालो त्याला एक पावसाळा सरला. घरात माझ्या नावावर एकही काम नाही. आज भाजी निवडायला बसलो, तर भाग्यलक्ष्मीने परडीच उचलून नेली. म्हणाली, तुमी पेपर वाचा. पेपर वाचून झाला होता.
ठरवलं. जुन्या करवतीच्या पात्याची सुरी बनवायची. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी लेकीचे, सेजलचे, सासू-सासरे जेवायला येतायत. त्यांच्यासमोर अख्खी विसवण मी स्वतः कापणार. आमच्या आजऱ्याकडे हिला सुरमई म्हणतात. सेजलला फोनवर सांगितलं. तिने तीनदा विचारलं, काय? रेंज गेली असावी.

५ नोव्हेंबर
मेहुणा गौरेश इब्रामपूरहून दोन पाती घेऊन आला. एक त्यांच्या आजोबांची लाकूड कापायची करवत, गंजून लाल. दुसरं जांभ्या दगडाच्या चिरेखाणीवरच्या मशीनचं गोल पातं, दातांच्या टोकांना चकचकीत तुकडे बसवलेले. भावजी, तुमका खंयचां व्हया, म्हणाला. हे काय विचारणं झालं? जे चिरा कापतं ते मासा कापणार नाही?
करवत तुळशीजवळच्या कुंडीखाली सारली. कुंडी डुगडुगत होती.
सगळी नोकरी डिचोलीत स्टोअरकीपर म्हणून गेली. हजारो पाती ह्या हातांनी इश्यू केली. स्टील मला कोणी शिकवू नये.

७ नोव्हेंबर
स्टील ओळखायच्या टेस्ट. व्हिडिओ पाहिला. मधेच तो माणूस कुठली पाती घेऊ नयेत ते सांगत बसला, दातांना वेगळे तुकडे जोडलेल्या पात्यांबद्दल काहीतरी. आपलं पातं ठरलेलं होतं, म्हणून पुढे ढकललं.
चुंबक: चिकटलं. पास.
ठिणग्या: चांगल्या स्टीलची ठिणगी म्हणे फुलबाजीसारखी फुटते. ग्राइंडरवर माझ्या लांब, सरळ, एका रांगेत गेल्या. एकही फुटली नाही. शिस्तीचं स्टील आहे. पास.

१० नोव्हेंबर
सुरीचा आकार आला. दात कापून फेकले, उगाच बोचत होते. करवंट्यांचा जाळ केला, सेजलच्या जुन्या हेअर ड्रायरने हवा दिली. पातं लालसर झालं तसं खोबरेलात बुडवलं. आता कानस फिरवून बघायची. घसरली तर पातं कडक. कानस लोण्यात शिरावी तशी शिरली. कानस फारच चांगली निघाली.
घरातलं खोबरेल संपलं म्हणून बोलणी खाल्ली. ह्या घरात संशोधनाला वाव नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार
भाग्यलक्ष्मीने सुरी हातात घेतली, नखाने टिचकी मारली आणि म्हणाली, ह्यात तिखें ना. मी चुलीवरचं कालवण चाखून पाहिलं. तिखट बरोबर होतं. तसं सांगितलंही. ती माझ्याकडे बघतच राहिली. कौतुक करायचं असलं की तिला शब्द सुचत नाहीत.

१५ नोव्हेंबर, शनिवार
सराव. टोमॅटो दबला. जास्त पिकला होता. कांदा निसटला. भेंडी कापली गेली, पण भेंडी कोवळी होती.
भीती वाटते. हे फक्त इथे लिहितोय. उद्या एवढं एक जमू दे. परत पेपर वाचायला बसायचं नाही मला.

१६ नोव्हेंबर, रविवार
व्याही कृष्णनाथ आणि विहीणबाई सरस्वती वेळेवर आले. विसवण चांगली हातभर. सगळे भोवती उभे. मी सुरी चालवली. कातड्यावरून घसरली. जोर दिला. मधल्या काट्यापर्यंत पोचली आणि तिथे वाकली. मासा जसाच्या तसा. व्याही म्हणाले, फ्रिजातलें नुस्तें घट आसता कधी कधी. नुस्तें म्हणजे मासा, आणि हा तर सकाळचा ताजा होता.
सेजल मला बाजूला घेऊन म्हणाली, बाबा, तिखें म्हणजे स्टील. आई बुधवारपासून सांगतेय. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा शब्द माझ्या कानावर कसा आला नाही?
भाग्यलक्ष्मीने आपली आदोळी मांडली. आदोळी म्हणजे ह्यांची विळी. पाटावर पाय दिला आणि बोलता बोलता तुकडे केले. सगळे माझ्याशी फारच चांगलं वागले.
निघताना व्याह्यांची नजर कुंडीखालच्या करवतीवर गेली. टिचकी मारली तर घंटेसारखी वाजली. ह्यातूंत तिखें आसा, म्हणाले. व्हरूं? भाग्यलक्ष्मी हो म्हणाली. घेऊन जायला त्यांनी करवत ओढून काढली. मी कुंडी उचलून धरून उभा होतो.

१९ नोव्हेंबर
वाकलेली सुरी गुडघ्यावर दाबून सरळ केली. दिसायला अजून छान आहे. सकाळी पोदेर पाव देऊन गेला. म्हटलं, निदान बटर लावायला होईल. बटर फ्रिजमधलं होतं. सुरी वाकली.
भाग्यलक्ष्मी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तिने ती नुसत्या हाताने सरळ केली, माझ्या ताटाजवळ ठेवली आणि म्हणाली, फाल्यांपासून उठल्यावर बटर तेवढें भायर काडून दवरात.
उद्यापासून सकाळी बटर मी फ्रिजबाहेर काढून ठेवायचं. घरात माझ्या नावावर एक काम झालं.