तांब्याच्या बुडावरचं नाव

मोठीआई, तुझ्याविरुद्ध माझी एक तक्रार आहे आणि ती मी पूर्ण गांभीर्यानं मांडतो आहे. तुझा पितळेचा तांब्या डुगडुगतो. तुझ्या चुलीशेजारच्या मातीत तो आपली जागा करून बसायचा; आमच्या ओट्यावर आता ग्रॅनाइट आहे आणि ग्रॅनाइट कुणाला जागा करून देत नाही. गेल्या मंगळवारी तो कलंडला आणि शेजारी ठेवलेली लग्नाच्या आमंत्रणांची यादी भिजली. एका मावसभावाचं नाव पार धुऊन गेलं. तो रुसला तर जबाबदारी तुझी. चौदा वर्षांपूर्वी गेलेल्या बाईवर असा आरोप ठेवणं शास्त्रात बसतं का, हे मी पाहिलेलं नाही. पण तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवल्यावर माणसाला साधं कुरकुरताही येत नाही, विधिपूर्वक कुरकुरावं लागतं.

लग्न माझ्या मुलाचं आहे. कलशासाठी जुनं काहीतरी हवं म्हणून बायकोनं माळ्यावरून तांब्या काढला. तू असताना त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. घरात अकरा माणसं, चिकूच्या वाडीतली गडीमाणसं वेगळी, सगळ्यांच्या ताटा-भांड्यांवर तुझं राज्य; पण तांब्याच्या बाबतीत तू म्हणायचीस, "माझा तांब्या मीच घासणार." घासायचीस तेही पोट आणि गळा. निखाऱ्यावर ठेवून ठेवून बूड काळं कुळकुळीत झालं होतं, ते तू कधीच घासलं नाहीस. मला वाटायचं, तुझ्यासारख्या टापटिपीच्या बाईचा हा एकच आळस. बायकोनं मात्र चिंच आणि मीठ लावून अर्धी सकाळ त्याच्यावर घालवली आणि मला हाक मारली, "अहो, इकडे या. यावर कुणाचं तरी नाव आहे."

ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली दोन अक्षरं होती. मी आधी चष्मा आणला, मग शब्दकोश. हे कासाराचं चिन्ह असावं, असं माझं पहिलं मत. दुसरं मत, एखाद्या मोठ्या शब्दाचा संक्षेप. तिसऱ्या मतासाठी मी धातुपाठ काढणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "दोन अक्षरांना एवढं कशाला? नाव आहे. बाईमाणसाचं."

"आपल्या घरात या नावाची बाई झालेली नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही," ती म्हणाली आणि तांब्या पुसायला घेतला.

तुझं नाव मला माहीत होतं, निदान तसा माझा समज होता. आपल्या भटजींनी तुझ्या लग्नात काढलेलं पाच अक्षरांचं, मधे दोन जोडाक्षरं असलेलं भारदस्त नाव. ते घरात कुणालाच धड उच्चारता येईना, म्हणून तू आधी वहिनी, मग काकी आणि शेवटी सगळ्या डहाणूची मोठीआई झालीस. तुला स्वतःचं मूल नव्हतं. आम्हा सहा पुतण्या-पुतणींना तूच वाढवलंस, म्हणून दर वर्षी पितृपक्षात तुझ्यासाठी तर्पण मी करतो. चौदा वर्षं मी ते पाच अक्षरी नाव शुद्ध उच्चारांसह घेऊन पाणी सोडतो आहे. बोटांनी ती दोन अक्षरं चाचपताना पहिल्यांदा मनात आलं, की ते पाणी कुणाला पोचत असेल?

झरीला तुझ्या माहेरी आमंत्रण द्यायला जायचंच होतं. तांब्या पिशवीत घालून नेला. वाटेत चारोटीला चहाला थांबलो, टेबलावर तांब्या ठेवला, तर गल्ल्यावरचा माणूस अदबीनं म्हणाला, "काका, पाणी भरून देऊ का?" मी म्हटलं, "नको, मी याला त्याच्या माहेरी नेतोय." त्यानंतर त्यानं मला एकही प्रश्न विचारला नाही.

तुझ्या भावांच्या घरात आता तुझ्या पिढीचं एकच माणूस आहे, तुझ्या सर्वांत धाकट्या भावाची बायको. अंगणात भात वाळत घातला होता आणि ती खाटेवरून कोंबड्या हाकत होती. "मास्तर ना तू? जाडा झालास," एवढं स्वागत करून तिनं पत्रिका न वाचता बाजूला ठेवली. मी तांब्या काढून तिच्या हातात दिला. मोठीआई, तिनं तो आधी उलटा केला. पोट नाही पाहिलं, गळा नाही पाहिला. सरळ बुडावर बोट फिरवलं.

"हा वन्संचा," ती म्हणाली. "मामानं दिलेला. लग्नाच्या आधी नाव घालून ठेवलेला."

"पण त्यांचं नाव तर..."

"ते तुमच्याकडचं. तांदळात लिहिलेलं. तांदूळ रांधून खाल्ले असतील तुम्ही दुसऱ्या दिवशी." ती हसली. "पितळेवरचं कोण पुसणार? माहेरी आल्या की हा घेऊनच यायच्या. पाणी प्यायच्या नि इथं पालथा घालून ठेवायच्या, काजळीत का होईना, अक्षरं वर. इथं त्यांना सगळी थोरली माणसं याच नावानं हाक मारायची. गोठ्यातली म्हैससुद्धा ओळखायची ते नाव."

मी विचारलं, मग आम्हाला कधी कसं सांगितलं नाही. ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत?" आणि कोंबडीला हुसकावलं. थोड्या वेळानं आपणहून बोलली, "मोठा भाऊ गेला ना त्यांचा, तेव्हा आल्या होत्या. तेराव्याला जाताना मला म्हणाल्या, आता या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही गं. मी लहान, मी कशी मारणार त्यांना नावानं? मी वन्सं म्हणायची. नंतर नाही आल्या त्या."

तो तेरावा मला आठवतो, कारण तू तिथून परतल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ मला आठवते. मी कॉलेजात आहे, सुट्टीला आलोय, आणि स्वयंपाकघरात पाटावर बसून विभक्ती घोकतोय. तू चुलीपाशी तांदळाच्या भाकरी थापते आहेस. तांब्या निखाऱ्यावर आहे. तू विचारतेस, "यातली हाक मारायची कुठली?" मी सांगतो, संबोधन. "मग ती पहिली पाहिजे. हाक मारल्याबिगर पुढचं सगळं कुणाला सांगणार?" मला त्या वयात जेवढा शहाणपणा होता तेवढा सगळा गोळा करून मी सांगतो, की मोठीआई, संबोधन ही मुळात वेगळी विभक्तीच नाही. ती पहिलीचीच एक तऱ्हा आहे. वैयाकरण तिला मोजत नाहीत. तू भाकरी उलटवतेस. "बरं. आणि एखाद्या नावानं हाक मारणारं कुणीच राहिलं नाही, तर त्या नावाचं काय होतं तुमच्यात?" मला वाटतं, तू माझी फिरकी घेते आहेस. मी ऐटीत म्हणतो, "लोप." तू विचारतेस, "म्हणजे मरतं?" मी म्हणतो, "छे. लोप म्हणजे फक्त दिसत नाही. अक्षर आपल्या जागी असतं, नियमही त्याला धरूनच चालतात." तू भाकरी तव्यावरून उतरवतेस. मग म्हणतेस, "मग बरंय," आणि पहिली भाकरी माझ्या ताटात टाकतेस. पहिली भाकरी तू कधी कुणाला देत नसायचीस, ती गाईची. मी समजलो, माझ्या व्याकरणावर खूश झालीस.

त्याच व्याकरणाच्या बळावर मी पुढे घरातल्या सुनांची नावं काढायला लागलो. भटजींची नावं मला ओबडधोबड वाटायची. चुलतभावांच्या तीन बायका, एका पुतण्याची एक, सगळ्यांची बारशी माझ्या हातची. यमक, अर्थ, नवऱ्याच्या नावाशी जुळणारा अनुप्रास, काही म्हणता काही कमी ठेवलं नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात तर मी कळसच केला. चार अक्षरांचं, एका नदीला साजेल असं नाव शोधलं आणि आठ दिवस आधी तुला चिकूच्या ढिगापाशी येऊन ऐकवलं. तू चिकू निवडत होतीस. एकेक हातात घेऊन नखानं साल जराशी खरवडायचीस. आत हिरवं दिसलं की म्हणायचीस, "हा अजून झाडाचाच आहे," आणि बाजूला ठेवायचीस. मी काढलेलं नाव, त्याची व्युत्पत्ती आणि दोन पर्यायी अर्थ ऐकून घेतलेस आणि मान वर न करता विचारलंस, "तिला नाव नाहीये का?"

सगळे हसले. मीही हसलो. तुझ्या तोंडी ते कठोर बोलणं नव्हतंच, पण आज हिशेब लावला तर तू मला आयुष्यात एकदाच रागावलीस आणि ती ही वेळ. बाकीची नुसती आरडाओरड असायची, राग नव्हे.

माझ्या बायकोला तू त्या नावानं कधीही हाक मारली नाहीस. त्यातलं जोडाक्षर तुला जड जात असेल, असं मी धरून चाललो. पण आता आठवतं, की आपल्याकडे व्यापाऱ्यांशी तू गुजराती बोलायचीस ती खाड खाड, वाडीतल्या बायकांशी त्यांच्या बोलीत, आणि तहसील कचेरीतल्या माणसाशी असं शुद्ध मराठी की तोच चाचरायचा. तुझ्या जिभेला कुठलंच अक्षर जड नव्हतं. चौघांत तू तिला "मुली" म्हणायचीस. दोघीच असताना काय म्हणायचीस? एकदा मी वाडीत टोपल्यांच्या मागून येत होतो, तू काहीतरी हाक मारलीस आणि ती चटकन "ओ" देऊन हसली. ते हसणं मी घरात ऐकलेलं नव्हतं. काय हाक मारलीस ते मला ऐकू आलं नाही, आणि मला ते विचारण्यासारखंही वाटलं नाही. आता विचारावंसं वाटतं, तर तू नाहीस. तिला विचारता येईल, म्हणजे येईल असं वाटतं.

आता पुन्हा तेच आलं आहे. घरातले सगळे माझ्या मागे लागलेत, मास्तर, सुनेचं नाव काढा. होणारी सून पालघरला प्रयोगशाळेत नोकरी करते, हुशार मुलगी आहे. मागच्या आठवड्यात तिनं फोन केला. "काका, तुम्ही ठरवाल ते चालेल मला. फक्त सहीला लांब नको हं." माझ्याकडे सात नावांची यादी तयार होती. सातही सुंदर. झरीहून परत आलो त्या दिवशी मी ती वहीतून फाडली आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला जाहीर केलं, की यंदा तांदळात काही लिहायचं असेल तर तिचंच नाव लिहा, जे तिचं आहे ते. चिरंजीव म्हणाले, "आम्ही तसंही तेच ठरवलं होतं, बाबा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." म्हणजे माझ्या त्यागाचं कौतुक तिथेच संपलं. बायको ओट्याशी उभी होती. पाठ माझ्याकडे. म्हणाली, "बरं झालं." एवढंच. मुलासाठी बरं झालं, सुनेसाठी, की आणखी कुणासाठी, ते मला पाठीवरून वाचता येईना. इतकी वर्षं मी मुलांना अन्वय लावायला शिकवतो.

हे पत्र कुठे टाकणार? पाकिटावर नाव घालावं लागतं, आणि यातलं कुठलं घालू? पाच अक्षरी घातलं तर तुला हसू येईल. दोन अक्षरी इथे मी मुद्दामच लिहिलेलं नाही. ते तू आम्हाला दिलं नव्हतंस. कागदाची चौपट घडी केली की तांब्याच्या बुडाखाली नीट बसते आणि डुगडुग थांबते, हे मी करून पाहिलं आहे. तक्रार मागे घेतो.

आणि आता खरं ते सांगतो. सत्तावीस वर्षं मी माझ्या बायकोला मी केलेल्या नावानं हाक मारतो आहे. तिचं आधीचं नाव मला माहीत आहे, आमच्या लग्नपत्रिकेवर छापलेलं आहे, ते मी एकदाही तोंडानं उच्चारलेलं नाही. ती आत्ता बाहेर दोरीवर कपडे वाळत घालते आहे, खिडकीतून दिसते. हाक मारायची आहे. मला भीती ती रागावेल याची नाही. मी हाक मारीन आणि ती वळणारच नाही, ही आहे.