दाण्यांचा कोंडवाडा

३ नोव्हेंबर, सोमवार

पडले. भर सकाळी, दूध आणायला जाताना, मागच्या गोदामांच्या गल्लीत. दोन पाय दोन दिशांना गेले आणि मी तिसऱ्या. हाड मोडलं नाही. दुधाची पिशवी फुटली आणि अब्रू थोडी.

पायाखाली प्लास्टिकचा दाणा होता. साबुदाण्याएवढा, पांढरा, निळा, हिरवा. बादल्या, खुर्च्या, टाक्या ज्यापासून होतात तो कच्चा माल. जमिनीवर बसल्या बसल्या सगळा कारभार दिसला. टेंपो आला. हमालानं पोत्यात लोखंडी हुक खुपसला, पोतं खांद्यावर घेतलं, भोकातून दाणा सांडत सांडत तो आत गेला. मग दुसऱ्यानं खराट्यानं सगळं नाल्यात लोटलं. काय स्वच्छता!

मी म्हटलं, "अहो, नाल्यात काय टाकताय?"

"बाई, तुमच्यासाठीच झाडायलो. परत पडाल."

घरी येऊन गुडघ्याला आयोडेक्स चोळत पेपर उघडला, तर आतल्या पानावर हाच दाणा. कुठंतरी जहाज बुडालं, पोती फुटली आणि किनाराभर पांढरा थर. माणसं पिठाच्या चाळणीनं वाळू चाळतायत. मासे हा दाणा अन्न समजून खातात म्हणे.

समुद्र मी एकदाच पाहिलाय. सातवीत, कॉन्व्हेंटच्या सहलीत. वाळूत शेंगांची टरफलं पडलेली दिसली म्हणून सिस्टर ॲग्नेसनी आम्हा चाळीस मुलींना ती वेचायला लावली होती. चाळीसजणींपैकी टाकली होती दोघींनी. त्यातली एक मी.

४ नोव्हेंबर

पर्यावरणाच्या कार्यालयात गेले. टेबलावर रामेश्वर नावाचा कारकून. नम्र आहे. नम्र माणसाशी भांडणं फार जड जातं.

"तक्रार कशाची, मॅडम?"

"समुद्राच्या प्रदूषणाची."

त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर पानटपरी होती. "समुद्र कोणत्या तालुक्यात येतो?"

मी त्याच्याच कागदावर नकाशा काढला. आमचा नाला, मग सुखना नदी, मग एकीतून दुसरीत करत गोदावरी, मग बंगालचा उपसागर. त्यानं बोट फिरवत सगळं नीट पाहिलं.

"म्हणजे हे आंध्रात निघायलंय. आपला समुद्र कोकणात. दुसऱ्याच्या समुद्राची तक्रार आपण कशी घ्यायची?"

मग मी कायदा विचारला. कोथिंबीरवालीला पातळ पिशवीसाठी पकडता ना? पोतंभर दाणा नाल्यात गेला तर काय करता?

"मॅडम, बंदी पिशवीवर आहे. दाणा म्हणजे अजून पिशवी झालेली नाही. झाली की या."

एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. वाटलं होतं, सगळं ऐकून झालंय.

एवढं मात्र कळलं: दाण्यासाठी वेगळा नियम करायचा मसुदा निघालाय. वीस तारखेला सुनावणी. "सूचना लेखी आणा," रामेश्वर म्हणाला. "नमुना आणा. आणि मालक असेल तर लई बरं."

"कशाचा मालक?"

"सांडलेल्या दाण्याचा. तो कोणाचा असतो, हेच कुणाला माहीत नाही."

६ नोव्हेंबर

दोन दिवस मालक शोधते आहे. गल्लीत चार गोदामं. पहिला म्हणतो दुसऱ्याचा, दुसरा म्हणतो तिसऱ्याचा, तिसरा म्हणतो टेंपोवाल्याचा. टेंपोवाला म्हणतो पोतं फाटकंच आलं. चौथं गोदाम भारतचं, माझ्या धाकट्या भावाचं; त्याच्या कारखान्याचा माल तिथं उतरतो. ते मीच त्याला शोधून दिलं. तिथं विचारायची गरज नाही. तो नीटनेटका आहे.

घरी येऊन आईपुढं धुसफुसले. आई शहाऐंशीची. अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालली. नजर अधू झाली, जीभ नाही.

"त्यात काय," म्हणाली. "कोंडवाड्यात घाल. मालक आपसूक येतो."

आणि मला एकदम आईनंच कधी सांगितलेला आमच्या गावचा कोंडवाडा आठवला. आप्पांची, आमच्या वडिलांची, मेंढरं एकदा कुणाच्या हरभऱ्यात शिरली. पाटलाच्या माणसांनी बेचाळीसच्या बेचाळीस कोंडली. आप्पा हात जोडून, कोपरं अंगाला चिकटवून फाटकाशी उभे. दंड नंतर. आधी सगळ्या गावासमोर म्हणायचं, "माझी हायेत." ते म्हटल्याशिवाय फाटक उघडत नसे.

एवढाच तर कायदा हवाय! ज्याची मेंढरं त्यानं म्हणावं, माझी आहेत. आणि हाकून घरी न्यावीत.

७ नोव्हेंबर

नाल्यातून अडीच किलो वेचले. पिठाची चाळण बाद. आमची कामवाली साळूबाई म्हणते, या चाळणीनं आता ती पीठ चाळणार नाही, आणि चाळलं तर ती पोळी खाणार नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

कोंडवाडा सुरू. व्हरांड्यात, लोणच्याच्या बरण्यांमध्ये, रंगवारीनं. पांढरा, निळा, हिरवा, काळा. फाटकावर पाटी लावली: "भरकटलेला दाणा येथे कोंडला आहे. मालकाने ओळख पटवून घेऊन जावा."

दिवसभरात सहाजण आले. दोघांना तो साबुदाणा वाटला. एकानं भाव विचारला. एका बाईनं विचारलं, हा नवस कोणत्या देवाचा?

दुपारी दुसऱ्या गोदामाचे अप्पाराव आले. पांढरे कपडे, पांढरे बूट, त्यांचा दाणाही पांढरा. "बाई, दाण्यावर नाव लिहिलंय का माझं?"

आई आतून म्हणाली, "मेंढराच्या तरी कुठं लिहिलेलं असतंय बाबा? ज्याचं त्याला वळखू येतं."

ते गेले. मी सूचना लिहायला बसले. एक, पोत्याला हुक लावायचा नाही. दोन, गोदामाच्या गटारीला जाळी. तीन, प्रत्येक पोत्यावर मालकाची खूण, मेंढराच्या पाठीवर असते तशी. चार, सांडला तर ज्याच्या जागेतून सांडला त्यानं चोवीस तासांत स्वतः कळवायचं. पाच, त्यानंच वेचायचा. सहा, वेचून होईपर्यंत त्याचं काम बंद. कोणाचीही गय नाही.

"कोणाचीही" खाली दोन रेघा मारल्या.

११ नोव्हेंबर

आज नाल्यात नारिंगी.

थोडाथोडका नाही. एका फेरीत बरणी भरली. भारतच्या कारखान्यात टोमॅटोचे क्रेट होतात. नारिंगी. पण नारिंगी क्रेट काय एकटा भारतच करतो? उभ्या महाराष्ट्रात टोमॅटो नारिंगी क्रेटातूनच जातात.

आईनं एक दाणा डोळ्याला लावला, मग दाताखाली धरला. "ही आपल्या भारतची."

"कशावरून?"

"कारखान्याच्या पूजेला त्यानं माझ्या वंजळीत दिली व्हती. म्या तवाबी चावून पाह्यली."

हा पुरावा कोणत्याही कोर्टात टिकणार नाही.

१२ नोव्हेंबर

नारिंगी बरणी पलंगाखाली ठेवली. व्हरांड्यात जागा कमी पडत होती.

१३ नोव्हेंबर

व्हरांड्यात अजून नऊ बरण्या मावतील. मोजून पाहिलं. बरणी पलंगाखालीच आहे.

१४ नोव्हेंबर

भारत जेवायला आला. पेरू घेऊन. फाटकापाशीच हसत उभा.

"आक्का, तुझा कोंडवाडा लई गाजायलाय. आमच्या उद्योजकांच्या ग्रुपवर फोटो आलाय. खाली लिहिलंय, म्हातारीला आवरा."

"कोणी लिहिलं?"

"आता ते सोड." मग व्हरांड्यात बरण्यांसमोर उगीच रेंगाळला. पांढरी, निळी, हिरवी, काळी. बोटानं मोजली. "नारिंगी नाय व्हय?"

"नाही," मी म्हटलं.

त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. मग चार भाकरी खाल्ल्या. मला एक जाईना.

जेवताना म्हणाला, "नियम पाहिजेच, मी नाय म्हणत नाय. पण मोठे लोक जाळ्या बसवतील, पोती बदलतील, वकील आणतील. पयला बंद पडणार मी. बारा बाया कामाला हायेत माझ्याकडं. त्यांना काय सांगू, माझ्या बहिणीनं समुद्र वाचवला?"

"समुद्रानं तुझ्या बारा बायांचं काय घोडं मारलं होतं?" मी म्हटलं. उगीच म्हटलं. वाक्य चांगलं झालं की ते खरं असतंच असं नाही.

आईनं हात ताटातच धरून सगळं ऐकून घेतलं. तिची भाकरी अर्धी राहिली की डोक्यात काहीतरी शिजत असतं.

१५ नोव्हेंबर

सहावी सूचना पुन्हा लिहिली. "कोणाचीही गय नाही" काढून "संबंधितांनी योग्य ती काळजी घ्यावी" घातलं. वाचलं आणि लाज वाटली. हे तर रामेश्वरनंही लिहिलं असतं.

१७ नोव्हेंबर

रामेश्वरचा फोन. साहेबांना कोंडवाड्याची कल्पना आवडलीय. सगळ्या बरण्या सुनावणीला आणा, कोणाचा कुठला ते तिथंच विचारू. "एकही सोडू नका, मॅडम."

फोन स्पीकरवर होता. मला एका कानानं कमी येतं. आई शेजारीच शेंगा सोलत बसलेली.

१९ नोव्हेंबर

सकाळी बँकेत गेले, हयातीचा दाखला द्यायला. मी जिवंत आहे हे सिद्ध करायला पावणेदोन तास लागले. परत आले तर आई नळाखाली बरण्या धूत होती.

रिकाम्या. सगळ्या.

"आई, दाणे?"

"सोडली."

"कुठं सोडली?"

"नाल्यात. दुसरं कुठं जायाला वाट हाय त्यास्नी?"

अकरा किलो. दहा दिवस गुडघाभर घाणीत उभी राहून वेचलेले. खुर्चीवर बसले.

"काहून असं केलंस?"

बरणी पालथी घालत म्हणाली, "आप्पाला कोंडवाड्याशी हात जोडून उभं ऱ्हायलेलं तू ऐकलंयस. म्या पाह्यलंय. माझं लेकरू नाय उभं ऱ्हाणार तिथं." मग, "नारिंगी कोनती ते दिसंना मला. म्हणून समदीच सोडली."

मी उठले. पलंगाखालून नारिंगी बरणी ओढली. आईपुढं ठेवली.

उद्याच्या सुनावणीला माझ्याकडं एकच पुरावा उरलाय. माझ्याच भावाविरुद्ध. आणि तोही मी लपवला म्हणून वाचला.

साळूबाई दारातून म्हणाली, "आता ही बी सोडायची, का ऱ्हाऊ द्यायची?"

आणखी एक. माझ्याच चौथ्या सूचनेप्रमाणे, ज्याच्या जागेतून दाणा सांडला त्यानं चोवीस तासांत स्वतः कळवायचं. जागा माझी. अकरा किलो. गल्लीतल्या कुठल्याही गोदामानं एका दिवसात इतका सांडला नसेल.

दुपारी भारतला फोन केला. सगळं सांगितलं. पलंगासकट. उद्या विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही, एकदा बोलले तेवढं पुरे, हेही सांगितलं. पलीकडं मशीन चालू होतं. "बरं," म्हणाला आणि ठेवला.

सहावी सूचना आधी होती तशी पुन्हा लिहिली. रेघांसकट.

२० नोव्हेंबर

सुनावणी. टेबलावर एकच बरणी. अप्पाराव पुढच्या रांगेत, पाय लांब करून.

मी आधी माझं सांगितलं. अकरा किलो, माझ्या घरातून, काल सकाळी. साहेब म्हणाले, बसा. मी बसले नाही.

"आणि ही बरणी? मालक माहीत आहे?"

तोंड उघडलं. आवाज माझ्या आधी मागून आला.

"माझी हायेत."

भारत. कारखान्याच्याच कपड्यात, दाराशी, हात जोडून. आप्पांसारखेच, कोपरं अंगाला चिकटवून. अप्पारावांनी पाय आत घेतले.

रामेश्वरनं रजिस्टर पुढून मागून चाळलं. "साहेब, कबुली कशाखाली घेऊ? अजून कायदाच नाही."

"मग येस्तोवर उभा ऱ्हातो," भारत म्हणाला.

साहेबांनी खुर्ची मागवली. तो बसला नाही.