हात मांडीवर

निमोणे, ता. शिरूर
१२ मार्च २००६

सायमा,

अब्बांनी तुझं पत्र पारावर दोनदा वाचून दाखवलं. म्हणाले, पोरगी पायलट होतीच, आता दुसऱ्यांना विमान चालवायला शिकवायचं ट्रेनिंग घेतीय! मी तवा बाजूलाच ट्रॅक्टर पुसत होतो.

तू लिहिलंस, "आता शिकवणाऱ्याच्या, उजव्या सीटवर बसते. शिकणारा चुकला तरी लगेच हात घालायचा नाही, मांडीवर ठेवायचा. भाई, हे मी तुझ्याकडूनच शिकले. शिकताना पाण्याच्या चारीच्या वळणावर माझा ट्रॅक्टर वाकडा गेला, तरी तू मडगार्डवर गप्प बसलास. केवढा विश्वास!"

विश्वास न्हवता गं. त्याच सकाळी अब्बा म्हणाले होते, "सिद्दीक, ही तुझ्यापरीस हुशार हाय." म्हणून मी हात दाबून बसलो. जाऊ दे चारीत, एकदा तरी अब्बा हिला बोलतील, एवढंच मनात होतं.

तू स्टेअरिंग फिरवलंस आन् हसत निघालीस. ते हसणं आजबी सलतं.

हे पत्र मी टपालपेटीत टाकणार न्हाई. माझी जळफळ तू विश्वास म्हणून लोकांना शिकवणार, आन् ती माणसं नीट उडायला शिकतील.

अजून मडगार्डवरच बसलेला,
सिद्दीकभाई