साहेब बैठकीत आहेत

३ ऑक्टोबर
गेले. उजाडायच्या आत सगळे गेले — मंत्री, सचिव, फायली, टंकलेखक. माझा नवराही. तो मंत्र्यांच्या ताफ्यातला ड्रायव्हर. "डोंगरातलं शहर आहे, पोचलो की फोन करतो," एवढंच म्हणाला. साहेब, म्हणजे सरकारचे प्रमुख, मागून, दुसऱ्या रस्त्याने येणार आहेत म्हणे.
मला ठेवलं. टेलिफोनच्या बोर्डावरचा माझा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, शत्रूच्याही. इथल्या पहाऱ्याचा कॅप्टन म्हणाला, "लाइनी ऐकल्या जातात, बाई. आवाज बदलला की संशय येतो." साहेबांना कोणी कितीही मागितलं तरी सांगायचं — साहेब बैठकीत आहेत.

५ ऑक्टोबर
एवढी मोठी इमारत आणि आम्ही मोजकेच. म्हातारा शिपाई संध्याकाळी खोल्याखोल्यांत दिवे लावतो. पडदे ओढतो, पण नीट नाही. कोणीतरी निष्काळजीपणे ओढल्यासारखे दिसले पाहिजेत. त्याचाही सराव करून घेतला कॅप्टनने.
मंत्र्यांचे कपडे शिवणारे मास्तरही मागे राहिलेत. अंगाने थेट साहेबांसारखे. सकाळी साहेबांसारखा काळा कोट चढवून मोठ्या गाडीत मागे बसतात, शहरातून एक फेरी मारून येतात. लोक सलाम करतात.
"जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतली, ताई. आता स्वतःच मापात बसलो!"
हसले मी. मग वाईट वाटलं. गाडीवर गोळी झाडली तर ती काही माप बघणार नाही.

६ ऑक्टोबर
कॅप्टनला विचारलं, राजधानी हलवतात तरी कशाला? शहर सोडलं की लोकांचा धीर जातो.
चहा ढवळत राहिला. "शहर गेलं तर शहरच जातं. सरकार हातात सापडलं तर सगळंच जातं. शरणागतीवर सही करायला माणूसच मिळाला नाही, तर देश हरत नाही."
मास्तर म्हणाले, "म्हणजे आपण मेलो तरी चालेल."
"तुम्ही कुठे सही करता, मास्तर?"


७ ऑक्टोबर
दुपारी बोर्डावर साहेबांच्या खोलीची झडप पडली, तिथला फोन कोणी उचलला की पडते तशी. वर कोणी नव्हतं, मास्तर माझ्यासमोरच बसले होते. मी पिन लावली, म्हटलं, "बोला, साहेब." नुसती घरघर.
उंदरांनी वायर कुरतडली असेल. मास्तर बघून यायला तयार होईनात. मीही नाही.

८ ऑक्टोबर
इमारतीच्या पश्चिमेकडच्या भागावर बॉम्ब. बरोबर दिवे होते तिथेच. शिपाई गेला.

९ ऑक्टोबर
माझ्या खारूला इथे ठेवायचं नाही. काल तिने पडणाऱ्या बॉम्बची नक्कल करून दाखवली, शिट्टीसकट. सहा वर्षांची पोर.
सासूबाई म्हणाल्या, "सरकार पळालं आणि आपण काय इथे शोभेला? मी जाते पोरीला घेऊन. तू बस पोपटासारखी बोलत." बोलताना माझी साडी इस्त्री करत होत्या. मी एकटी पडले तर ती कोण करणार, म्हणून सगळ्याच केल्या.
कॅप्टनला विचारलं, डोंगरातल्या शहरात, नवऱ्याकडे पोर सुरक्षित राहील ना? "सरकार आहे तिथेच तोफा असतात, बाई. पाठवा. घरच्यांना पाठवाच." लगेच ट्रकमध्ये दोन जागा दिल्या. मी आभार मानले, डोळ्यांत पाणी आलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

१० ऑक्टोबर
गेल्या. खारूने विचारलं, "तू का नाही येत?"
"मला इथे बोलायचं काम आहे."
"तिथे येऊन बोल की!"
ट्रक वळला. सासूबाईंनी मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उतरल्या असत्या.

१३ ऑक्टोबर
फोन नाही. पोचल्या असतील. पोचल्याच असणार.
स्वयंपाकघरात सवयीने तीन ताटं काढली. दोन परत ठेवली. इमारतीत आणि घरात आता फरक उरला नाही. दोन्हीकडे आत माणसं असल्यासारखे दिवे लावायचे.

१५ ऑक्टोबर
ट्रंक लाइनवर नवरा! नियम दोघांनाही माहीत — जागेचं नाव नाही, कामाचं बोलायचं नाही. "पोचल्या. बऱ्या आहेत. आईने इथल्या पाण्याला नावं ठेवायला सुरुवात केलीय." हायसं वाटलं. मग फोन खारूकडे.
"आई, बाबा गाडी चालवतच नाहीत आता! मागे बसतात. मोठा काळा कोट घालून. सगळे त्यांना सलाम करतात, आणि संध्याकाळी आम्ही मोठ्या घरात सगळीकडे दिवे ला—"
माझ्याच हाताने पिन ओढली. लाइन तोडली. विचार नंतर आला, हात आधी गेला. सरकारी हात.

संध्याकाळी
मास्तरांना विचारलं. म्हणाले, "तीन कोट शिवले होते, ताई. मापं आली होती, नावं नव्हती. एक माझ्या अंगावर आहे. दुसरं माप जरा उंच माणसाचं होतं." नवरा उंच आहे.
"आणि तिसरा?"
"तिसरा खुद्द साहेबांचा. तो कुठे आहे, ते त्यांनाच ठाऊक."
म्हणजे तिथेही कोणी नाही. खिडक्यांत दिवे आहेत. आणि राजधानी जिवंत दिसावी म्हणून बायकामुलं आहेत. माझी मी पाठवली. वर आभार मानले!

१६ ऑक्टोबर
कॅप्टनकडे गेले. म्हटलं, ट्रक द्या, मुलीला परत आणते. त्याने नजर उचलली नाही. "रस्ता बंद आहे." मग हळूच, "माझीही आई तिथेच आहे, बाई. मलाही कोणी सांगितलं नव्हतं."
खरं बोलत असेल. त्याने पोर परत येत नाही.

१७ ऑक्टोबर
विमानं आली. आम्ही तळघरात. कान लावून बसलो. इथे काहीच टाकलं नाही. वरून गेली, डोंगरांकडे. मास्तर म्हणाले, "बघायला गेली असतील. आज नुसती बघायला."
इथे बॉम्ब पडावा म्हणून मी हात जोडले. मी! कोणाला जोडले, माहीत नाही.

१८ ऑक्टोबर
सकाळी लाइन लागली. नवऱ्याला बोलूच दिलं नाही. त्याच्याशी बोललेच नाही. लाइनीवर जे चोरून ऐकतात त्यांना सांगितलं, सावकाश, बोर्डावर बोलते त्या आवाजात — इथे सरकार नाही. तिथेही नाही. तिथे कोटात माझा नवरा आहे आणि त्याच्याजवळ माझी मुलगी आहे.
ऐकणाऱ्या कोणीतरी रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला. नवरा अजून लाइनवरच होता.